काटा, हवा आणि टायर : पंक्चर टाळण्याच्या शोधाचा इतिहास

जयपूरच्या नैर्ऋत्येस राजस्थान गृहनिर्माण मंडळाने आखलेली मानसरोवर ही विस्तीर्ण वसाहत आहे. ३ जून २०१५ रोजी जयपूरची पहिली मेट्रो येथूनच चांदपोलकडे निघाली आणि २३ सप्टेंबर २०२० पासून ती जुन्या शहरातील बडी चौपडपर्यंत धावू लागली. हा संपूर्ण मार्ग सुमारे १२ किलोमीटरचा आहे. सायकलस्वाराला एवढे अंतर कापायला ३५ ते ४० मिनिटे लागतात. इंधन लागत नाही, तिकीट लागत नाही. मात्र वेळेवर पोहोचण्याची ही सारी हमी चाकाच्या कडेवरच्या दोन-तीन मिलिमीटर रबरावर अवलंबून असते.

जयपूरच्या कोरड्या मातीत या रबराला शत्रू पुष्कळ. देशी बाभळीचे लांब पांढरे काटे आहेत; जमिनीसरपट वाढणाऱ्या सराट्याचे, म्हणजेच गोखरूचे, फळ आहे. हे फळ कसेही पडले तरी त्याचा एखादा काटा वर तोंड करूनच राहतो. तिसरा शत्रू विलायती बाभूळ. मूळची अमेरिका खंडातली ही वनस्पती वाळवंट रोखण्यासाठी राजस्थानात आणली गेली आणि १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने तिला ‘शाही वृक्षा’चा मान दिला. वाळू थोपवण्यासाठी लावलेले हे झाड पुढे आवरेनासे झाले आणि त्याचे काटे वाटोवाटी पसरले. यांत भर पडते ती काचेच्या तुकड्यांची आणि मोटारींच्या झिजलेल्या टायरांतून सुटणाऱ्या केसाएवढ्या पोलादी तारांची.

अशा रस्त्यावर रोज कामाला किंवा महाविद्यालयात जाणाऱ्याने शर्यतीच्या बांधणीच्या सायकलला, म्हणजे रोड बाइकला, कोणते टायर बसवावे? प्रश्न बाजारातला वाटतो, पण त्याचे उत्तर इतिहासात आहे. पंक्चरवर माणसाने आजवर चारच उपाय शोधले : हवाच वापरू नये, काटा आत येऊ देऊ नये, भोक पडले तर दुरुस्ती झटपट व्हावी, किंवा भोक आपोआप बुजावे. आजच्या दुकानातले प्रत्येक टायर या चार उपायांपैकी एखाद्याचे किंवा त्यांच्या मिश्रणाचे रूप आहे.

पहिला उपाय सर्वांत जुना. बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी धाव काट्याला भीत नाही. सुरुवातीच्या सायकलींनाही लोखंडी धावा आणि नंतर भरीव रबराच्या पट्ट्या असत. पंक्चर नव्हतेच, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा स्वाराच्या मणक्यापर्यंत पोहोचे. प्रत्येक हादऱ्यात पुढे जाण्याची शक्तीही वाया जाई. हवेचे टायर या दुःखातून जन्माला आले.

त्यासाठी आधी रबर सुधारणे आवश्यक होते. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि हिवाळ्यात तडकत असे. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने ते स्थिर करण्याची रीत शोधली. तिलाच व्हल्कनायझेशन म्हणतात. १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश अभियंत्याने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. त्याच्या रचनेत आत रबर लावलेल्या कापडाची नळी आणि बाहेर जाड चामड्याचे आवरण होते. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये १८४७ साली या चाकांची घोडागाडी धावली. म्हणजे हवेचे टायर जन्मले तेच चिलखत घालून. परंतु सायकलींचा जमाना यायचा होता आणि हा शोध विस्मरणात गेला.

तो पुन्हा लागला बेलफास्टमध्ये. जॉन बॉइड डनलॉप हे व्यवसायाने पशुवैद्य. १८८७ मध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलचा खडखडाट कमी व्हावा म्हणून त्यांनी लाकडी चकतीवर रबराची नळी कापडाने बांधली, तिच्यात हवा भरली आणि अंगणात ती चकती साध्या चाकाबरोबर लोटून पाहिली. हवेचे चाक कितीतरी लांब गेले. १८८८ मध्ये पेटंट मिळाले. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या स्वाराने बेलफास्टच्या शर्यतींत या टायरांवर विजय मिळवले. थॉमसन यांचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचे मुख्य पेटंट रद्द झाले, पण तोवर हवेने भरीव रबराला हरवले होते.

योगायोग असा की मराठी मुलखातील किर्लोस्कर उद्योगाचे स्थापनावर्षही १८८८ हेच मानले जाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात उद्योगाचा श्रीगणेशा केला तो सायकलींच्या दुकानाने. लोखंडी नांगर आणि पंप नंतर आले. सायकल त्या काळी श्रीमंतांची हौस होती. ती कारकुनाची, शिक्षकाची आणि गिरणी कामगाराची व्हायची तर पंक्चरचे काहीतरी करणे भागच होते, कारण डनलॉप यांचे आरंभीचे टायर चाकाला चिकटवलेले असे.

ही अडचण फ्रान्समधील क्लेर्माँ-फेराँ येथील मिशलँ बंधूंच्या दारी १८८९ मध्ये आली. एका सायकलस्वाराचे टायर दुरुस्त करायला त्यांना काही तास लागले आणि डिंक वाळायला रात्र गेली. एदुआर मिशलँ यांनी ती सायकल चालवून पाहिली. थोड्याच अंतरावर टायर पुन्हा बसले. त्यांनी यातून नेमका धडा घेतला : हवा उत्तम आहे, पण टायर चाकावरून सहज निघाले पाहिजे. १८९१ मध्ये त्यांनी सुट्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी शार्ल तेराँ याने या टायरांवर सुमारे १,२०० किलोमीटरची पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शर्यत जिंकली. दुसऱ्या वर्षी मिशलँ यांनी स्वतः एक शर्यत भरवली आणि तिच्या मार्गावर खिळे टाकवले. टायर पंक्चर होत नाही, असा त्यांचा दावा नव्हताच. पंक्चर झाले तरी काही मिनिटांत पुढे जाता येते, हे त्यांना दाखवायचे होते.

भारताने हाच उपाय स्वीकारला आणि त्याला स्वतःचे रूप दिले. पश्चिम बंगालमधील साहागंज येथे १९३६ मध्ये डनलॉपचा कारखाना सुरू झाला. २८ इंची चाकाची, दीड इंच रुंद टायरची काळी सायकल गावोगाव पोहोचली आणि तिच्या पाठोपाठ पंक्चर काढणाऱ्याचे दुकान आले. झाडाला टांगलेले जुने टायर हीच त्याची पाटी. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवायची, बुडबुड्यांवरून भोक हेरायचे, कानशीने रबर खरवडायचे, सोल्युशन लावून पॅच बसवायचा आणि हातपंपाने हवा भरायची. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात काय किंवा जयपुरात काय, देशभर एकाच मापाचे टायर, एकाच प्रकारचा व्हॉल्व्ह आणि एकच कसब चाले. भारतीय सायकलला काटारोधक टायरची निकड भासली नाही, कारण तिचे चिलखत टायरमध्ये नव्हते. ते नाक्यावर बसलेले होते.

रोड बाइकने हे नाते तोडले. तिच्या ७०० सी मापाच्या रिमचा टायर बसण्याचा व्यास ६२२ मिलिमीटर, तर जुन्या काळ्या सायकलचा ६३५ मिलिमीटर. त्यामुळे एकीचे टायर दुसरीला बसत नाही. तिच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर नाक्यावरच्या पंपाचे तोंड बसत नाही, आणि तिच्या मापाची ट्यूबही त्या दुकानात सहसा नसते. चाळीस मिलिमीटर रुंद टायर कमी दाबावर चालते. तेवीस किंवा पंचवीस मिलिमीटरच्या टायरला मात्र जास्त दाब लागतो. ताणलेले पातळ रबर काट्यापुढे झुकत नाही, त्याच्यावर थेट आपटते. सायकल वेगवान झाली, पण तिचा स्वार रस्त्यावर एकटा पडला. काटारोधक टायरचा प्रश्न भारतात खऱ्या अर्थाने येथे सुरू होतो.

एकटेपणावरचे उत्तर रसायनशास्त्रातून आले. १९६५ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक या संशोधक मोटारींच्या टायरांसाठी हलका व बळकट तंतू शोधत होत्या. त्यांना मिळालेले द्रावण नेहमीसारखे दाट व पारदर्शक नव्हते. ते पातळ आणि गढूळ होते. यंत्राची छिद्रे बुजतील या भीतीने त्याचे धागे काढायला यंत्रचालक आधी तयार नव्हता. धागा निघाला तेव्हा तो अपेक्षेपेक्षा कितीतरी बळकट ठरला. तोच केव्हलार. पुढे अशा तंतूंचे पट्टे सायकलच्या टायरमध्ये वरच्या रबराखाली घातले जाऊ लागले.

मात्र बळकट म्हणजे अभेद्य नव्हे. केव्हलारचा धागा ताण सोसतो, काचेची धार अडवतो. पण सुईसारखा काटा दोन धाग्यांना बाजूला सारून मधून शिरू शकतो. म्हणून काही उत्पादकांनी दुसरी वाट धरली आणि पट्ट्याच्या जागी लवचीक रबराचा जाड थर घातला. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस या टायरमध्ये हा थर ५ मिलिमीटरचा असतो. काट्याची लांबीच त्यात संपते. काचेला दाट विणीचा पट्टा आणि काट्याला जाडी, असा हा साधा भेद आहे. वेष्टनावरील एका शब्दाने येथे अनेकांची फसगत होते : केव्हलारची कड, म्हणजे बीड, असलेले टायर घडी घालता येते आणि हलके असते, त्या कडेचा काट्यापासून संरक्षणाशी काहीही संबंध नाही.

या चिलखताची किंमत वेगात मोजावी लागते. रबर दबताना शक्ती घेते आणि पूर्ववत होताना तिचा काही भाग उष्णतेत गमावते. थर जितका जाड, तितका हा तोटा अधिक. समजा सायकल व स्वार मिळून ८५ किलो वजन आहे आणि हलक्या टायरवर, लोटण-रोधाचा गुणांक ०.००५ धरून, ताशी २० किलोमीटर वेग मिळतो. मानसरोवर ते बडी चौपड हे १२ किलोमीटर मग ३६ मिनिटांत पार होतात. तेवढीच ताकद लावून मध्यम पट्ट्याच्या टायरवर (गुणांक ०.००६५) सुमारे ३७ मिनिटे, तर अतिजाड थराच्या टायरवर (गुणांक ०.००९) सुमारे साडेएकोणचाळीस मिनिटे लागतील. महिन्याचे २५ दिवस जाऊन-येऊन धरले, तर मध्यम टायर सुमारे एक तास घेते आणि जाड टायर जवळजवळ तीन तास. एका पंक्चरला अर्धा तास लागतो असे मानले, तर जाड टायर महिन्याला सहा पंक्चर वाचवील तेव्हाच नुसत्या वेळेचा हिशेब जुळेल.

पण रोज जाणाऱ्याचा हिशेब नुसत्या मिनिटांचा नसतो. रोजची तीन मिनिटे आधी ठाऊक असतात. तेवढे लवकर निघता येते. परीक्षेच्या सकाळी गेलेला अर्धा तास मात्र कशानेही भरून येत नाही. काटारोधक टायर हा एका अर्थी विम्याचा हप्ता आहे, आणि हप्ता किती भरायचा हे वाटेवरच्या धोक्यावरून ठरवायचे असते.

चौथा उपाय, आपोआप बुजणाऱ्या भोकाचा, सर्वांत नवा आहे. ट्यूबविरहित टायरमधील द्रवरूप लॅटेक्स भोकाशी येऊन गोठते. बारीक काट्यांवर हा उपाय उत्तम. परंतु उष्ण, कोरड्या हवेत द्रव लवकर आटतो. जयपूरच्या उन्हाळ्यात तो वारंवार तपासावा लागेल, शिवाय त्याला योग्य रिमही लागते. भरीव टायरही नव्या फेसाळ पदार्थांच्या रूपात परतले आहेत, पण हादऱ्यांचा जुना दोष त्यांनी पूर्णपणे टाकलेला नाही.

या इतिहासातून मानसरोवरच्या स्वारासाठी निवडीची रीत निघते. सायकलच्या चौकटीत मावत असेल तर २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर घ्यावे; रुंदीमुळे दाब कमी ठेवता येतो. डांबरी हमरस्त्यावर मुख्य धोका काच व तारांचा असतो. तेथे पूर्ण रुंदीचा विणलेला पट्टा पुरेसा ठरतो. वाट मोकळ्या भूखंडांकडेने किंवा बाभळींखालून जात असेल तर जाड थराचे टायर घ्यावे, निदान मागच्या चाकाला तरी. मागच्या चाकावर भार अधिक असतो आणि ते काढायला वेळही अधिक लागतो. जुन्या ट्यूबची पट्टी कापून टायरच्या आत घालण्याची देशी युक्ती म्हणजे हेच चिलखत स्वस्तात. फक्त तिच्या कडा तासून पातळ कराव्यात, नाहीतर त्याच ट्यूबला कापतात.

हवेचा दाब सावलीत मोजावा. २५ अंश सेल्सिअसला ८० पीएसआय भरलेले टायर ४५ अंशांना सुमारे ८६ पीएसआयपर्यंत जाते. आठवड्यातून एकदा टायर बोटाने चाचपून रुतलेले काचेचे कण काढावेत, कारण पुष्कळ पंक्चर त्याच क्षणी होत नाहीत; कण फेरीगणिक आत सरकत जातो. पावसाळ्यात ही तपासणी अधिक वेळा करावी, कारण ओल्या रबरात काच सहज शिरते.

आणि टायर कितीही जाड असले तरी पिशवीत एक ट्यूब, दोन टायर-लिव्हर, छोटा पंप आणि प्रेस्टा व्हॉल्व्हला जोडायचा पितळी अडॅप्टर असावा. अडॅप्टर लावला की वाहनांत हवा भरणाऱ्या पेट्रोल पंपावरही काम भागते. नाक्यावरचा कारागीर ज्या सायकलला मदत करू शकत नाही, तिच्या स्वाराला त्याचे कसब स्वतःच्या हातात आणावे लागते.