टर्बोचा दाब आणि गाडीचे मायलेज

गोंदिया / प्रतिनिधी

गाडी घेताना ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न आपल्याकडे सर्वप्रथम विचारला जातो. गेल्या काही वर्षांत त्याच्या जोडीला ‘टर्बो आहे का?’ हा दुसरा प्रश्न आला आहे. १ ते १.२ लिटरच्या लहान पेट्रोल इंजिनांना टर्बोचार्जर जोडून मोठ्या इंजिनाची ताकद मिळवण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. टर्बोमुळे इंधन वाचते, असे विक्रेता सांगतो. टर्बोची गाडी पेट्रोल पिते, अशी वापरणाऱ्याची तक्रार असते. आपापल्या जागी दोघांचेही म्हणणे खरे आहे. गोंदियाहून नागपूरला वरचेवर ये-जा करणाऱ्यांच्या खिशाशी हा प्रश्न थेट निगडित असल्याने टर्बोचा दाब नेमका कोठे इंधन वाचवतो आणि कोठे उधळतो, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

वाया जाणाऱ्या ऊर्जेचा उपयोग

इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग तप्त वायूंच्या रूपाने सायलेन्सरवाटे निघून जातो. या वायूंवर चक्र फिरवून त्याच्या बळाने इंजिनात अधिक हवा दाबून भरावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांनी १९०५ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आजच्या मोटारींतील टर्बोचे चक्र मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेऊ शकते.

वातावरणाच्या दाबापेक्षा जो जास्तीचा दाब टर्बो निर्माण करतो, त्याला ‘बूस्ट’ म्हणतात. वातावरणाचा दाब सुमारे १ बार असतो. त्यावर ०.८ बार बूस्ट मिळाला आणि दाबल्यामुळे तापलेली हवा इंटरकूलरने पुरेशी थंड केली, तर १.२ लिटरचे इंजिन जवळपास २.१ लिटरच्या साध्या इंजिनाइतकी हवा आत घेते. मात्र हवा वाढली की इंधनही वाढवावे लागते. १ किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते आणि हे प्रमाण टर्बो बदलू शकत नाही. म्हणजेच बूस्ट वाढतो, त्या क्षणी इंधनाचा खर्चही वाढतो.

मग बचत कोठे होते?

पेट्रोल गाडीतील बचत बूस्ट नसताना होते. सपाट रस्त्यावर ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या स्थिर वेगाने जाणाऱ्या गाडीला आपल्या एकूण शक्तीचा अगदी थोडा भाग पुरतो. अशा वेळी मोठ्या इंजिनाची हवेची झडप बरीचशी बंद असते आणि त्या अरुंद फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची काही शक्ती खर्ची पडते. लहान इंजिनाला तेच काम करताना झडप अधिक उघडावी लागते. हवा ओढण्याचे कष्ट कमी होतात, तसेच आकार लहान असल्याने अंतर्गत घर्षणही घटते. ओव्हरटेक करताना किंवा चढावर जास्तीची ताकद लागली, की ती टर्बो पुरवतो. थोडक्यात, टर्बोने मोठ्या इंजिनाची गरज संपवली, हीच खरी बचत होय.

दाब सतत वरच्या पातळीवर ठेवला, तर हे गणित उलटते. दाट आणि गरम मिश्रण ठिणगीनंतर अवेळी भडकण्याचा, म्हणजेच ‘नॉकिंग’चा धोका असतो. तो टाळण्यासाठी संगणक ठिणगी उशिरा पाडतो आणि इंधनाचे काम कमी होते. भार आणखी वाढल्यास टर्बाइनला अतिउष्णतेपासून वाचवण्यासाठी अनेक इंजिनांत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडले जाते. हे जास्तीचे पेट्रोल गाडी पुढे नेत नाही, ते केवळ तापमान आटोक्यात ठेवते.

डिझेलचे गणित वेगळे

डिझेल इंजिनात शक्तीचे नियंत्रण हवेने नव्हे, तर इंधनाच्या मात्रेने होते. तेथे जास्तीची हवा ज्वलन स्वच्छ आणि पूर्ण करते. त्यामुळे ठरावीक मर्यादेपर्यंतचा बूस्ट डिझेलला लाभदायक ठरतो. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथील फियाटच्या कारखान्यात तयार झालेले १२४८ घनसेंटिमीटरचे मल्टिजेट इंजिन हे त्याचे परिचित उदाहरण. साध्या टर्बोसह ते ७५ अश्वशक्ती देई, तर पात्यांचा कोन बदलणाऱ्या टर्बोसह ९०. हेच इंजिन परवान्याखाली मारुतीनेही बनवले. त्यावर चालणाऱ्या २०११ च्या मारुती स्विफ्टचे अधिकृत मायलेज लिटरला २२.९ किलोमीटर होते. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ मानके लागू झाली आणि लहान डिझेल गाड्या बाजारातून जवळपास नाहीशा झाल्या. त्यांची जागा प्रामुख्याने पेट्रोल गाड्यांनी घेतली आणि त्यांपैकी अनेकांत टर्बो आहे.

नाशिकचा दाखला

अधिक शक्ती म्हणजे कमी मायलेज, असा सरसकट निष्कर्षही चुकीचा आहे. महिंद्राच्या नाशिक कारखान्यात बनणारी ‘एक्सयूव्ही ३एक्सओ’ एप्रिल २०२४ मध्ये बाजारात आली. तिची दोन्ही पेट्रोल इंजिने १.२ लिटरची आणि टर्बोयुक्त आहेत. मॅन्युअल गिअरमध्ये सुमारे ११२ अश्वशक्तीच्या इंजिनाचे अधिकृत मायलेज १८.८९, तर १३० अश्वशक्तीच्या इंजिनाचे २०.१ किलोमीटर जाहीर झाले. दुसऱ्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. तेथे त्याची वाफ होताना आतील हवा थंड होते आणि नॉकिंगचा धोका घटतो. म्हणूनच केवळ बूस्टच्या आकड्यावरून मायलेजचा अंदाज बांधता येत नाही.

चाचणी आणि प्रत्यक्ष रस्ता

हे अधिकृत आकडे चाचणीतून येतात. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांत गाडी रोलरवर, नियंत्रित तापमानात सुमारे २० मिनिटे चालवली जाते. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि वेग सावकाश वाढवला जातो. साहजिकच टर्बोला तेथे फारसे काम पडत नाही.

गोंदियाहून गोरेगाव, कोहमारामार्गे मुंबई-कोलकाता महामार्गाला लागल्यावर परिस्थिती बदलते. ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेल्यास हवेचा विरोध दीडपटीहून थोडा अधिक वाढतो. त्यात एसी, भरलेली गाडी आणि मालमोटारींना वारंवार ओव्हरटेक करणे यांची भर पडते. नागपूरपर्यंत साधारण १७० किलोमीटर अंतर धरले आणि संयमाने चालवल्यास लिटरला १८, तर घाईत १३ किलोमीटर मिळाले असे मानले, तर जाऊन-येऊन सुमारे ७ लिटर पेट्रोलचा फरक पडतो.

ऊन आणि कोंडा

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. २५ अंशांच्या तुलनेत ही हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. तेवढीच हवा भरण्यासाठी टर्बोला अधिक श्रम पडतात आणि नॉकिंगची शक्यताही वाढते. त्यातच गोंदिया हा भात गिरण्यांचा जिल्हा. धानाच्या कोंड्याची बारीक धूळ एअर फिल्टरमध्ये साचल्यास टर्बोला हवा ओढणे जड जाते. फिल्टर फाटका वा सैल असल्यास ही धूळ अतिवेगाने फिरणारी पाती झिजवते.

‘चिप’चा मोह

संगणकातील आज्ञावली बदलून बूस्ट वाढवून देण्याचे काम काही गॅरेजमध्ये केले जाते. त्यासोबत मायलेज वाढण्याचे आश्वासनही दिले जाते. वाढलेल्या ताकदीचा उपयोग केला, तर इंधन जास्तच लागते. शिवाय टर्बो, क्लच आणि पिस्टनवर ताण येतो, वॉरंटी धोक्यात येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे.

वाहनधारकांनी काय करावे?

* वेग स्थिर ठेवावा. ॲक्सिलरेटर एकदम न दाबता हळूहळू दाबावा.
* चढावर वेळीच खालचा गिअर टाकावा. कमी फेऱ्यांवर इंजिन रेटू नये.
* कंपनीने सुचवलेल्या दर्जाचेच ऑइल वापरावे. टर्बोचे बेअरिंग त्यावरच तग धरते.
* धानाच्या हंगामात एअर फिल्टर ठरावीक मुदतीपूर्वीच तपासून घ्यावा.
* महामार्गावर वेगाने चालवल्यानंतर इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ चालू ठेवावे.
* खरेदीपूर्वी गाडी ज्या रस्त्यावर नेहमी धावणार आहे, तेथेच ती चालवून पाहावी.