उमेदवारी : एका जुन्या शब्दाचा मागोवा व नाशिक रोड

हायस्कुलांत शिकणाऱ्या मुलानें पुढें कोणता व्यवसाय धरावा हा प्रश्न अलीकडच्या शिक्षणशास्त्रज्ञांनींच प्रथम उपस्थित केला, अशी सार्वत्रिक समजूत आहे. मुलास शाळेंतून कांहीं दिवस कारखान्यांत, कचेरींत किंवा कारागिराच्या दुकानांत पाठवावें, तेथें त्यानें प्रत्यक्ष काम करावें व त्यावरून आपली दिशा ठरवावी, ही योजनाहि नवीच मानली जाते. परंतु ह्या योजनेस योग्य असें नांव आपल्या भाषेंत पूर्वीपासून नांदत आहे. तें नांव ‘उमेदवारी’. ह्या शब्दाचा मागोवा दप्तरापासून नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यांपर्यंत घ्यावा, आणि ह्या विषयाच्या साधनांकडे संग्राहकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

‘उमेद’ हा शब्द मूळ फारसी. त्याचा अर्थ आशा. आशा धरून राहिलेला तो उमेदवार. पुढें जागा मिळेल ह्या भरंवशावर कचेरींत बिनपगारी अथवा अल्प वेतनावर काम करून शिकणारा, असा त्याचा मराठींतील जुना अर्थ होय. आज निवडणुकीस उभा राहणारास हें नांव मिळालें असलें, तरी जुना अर्थ लोपलेला नाहीं. कारखान्यांत काम शिकणाऱ्या तरुणास सरकारी कागदांत आजहि ‘शिकाऊ उमेदवार’ असेंच म्हणतात.

मराठेशाहींत कारकुनी शिकविणारी स्वतंत्र शाळा नव्हती. मुलगा धूळपाटीवर अक्षरें गिरवी, मग कित्त्यावरून मोडीचें वळण घोटवी, आणि पुढील शिक्षण कारकुनाच्या शेजारीं बसून दप्तरांत घेई. मसुद्यावरून नक्कल करणें, पत्राचा मायना पदवीप्रमाणें बरोबर घालणें, जमाखर्चाच्या रकमा ओळींत मांडणें, रुमाल बांधणें व हवा तो कागद वेळेवर काढून देणें, हीं कामें करीत करीतच तो तरबेज होई. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीं लेखनक्रियेचें निरूपण केलें, यावरून लेखणी, शाई व अक्षर ह्यांची शिस्त किती महत्त्वाची मानीत हें कळून येईल. ‘मेस्तक’ ह्या नांवानें जीं बाडें संग्रहीं आढळतात, त्यांत कामदारांचीं कर्तव्यें व कागद लिहिण्याच्या तऱ्हा नमूद केलेल्या असतात. तीं उमेदवाराचीं पाठ्यपुस्तकेंच म्हणावयास हरकत नाहीं.

ह्या रीतीनें माणूस किती उंचीस जाई ह्याचीं उदाहरणें वाचकांस परिचित आहेत. बाळाजी विश्वनाथ पेशवे होण्यापूर्वीं धनाजी जाधवाकडे वसुलाच्या कामावर कारकून होते. सखारामबापू बोकील हे महादोबा पुरंदऱ्यांच्या पदरीं कारकुनी करून वर आले. जनार्दन बल्लाळ इ. स. १७५६ मध्यें वारल्यावर फडणिशी नानांकडे आली, तेव्हां नानांचें वय १४ वर्षांचें होतें. आजच्या हिशेबानें आठवी-नववींतला मुलगा! ह्या वयाच्या मुलाच्या नांवें एवढें पद चालावें, ह्याचें कारण वंशपरंपरा हें तर खरेंच. परंतु पुढें नानांनीं दप्तरास जी शिस्त लाविली, ती केवळ वंशानें येत नाहीं. काम हेंच तेथें शिक्षक होतें. नकलेंत एक आंकडा चुकला तर ताळेबंद जुळत नसे, व चूक कोणाच्या हातची हें अक्षरावरून ओळखूं येई. उमेदवारास आपली लायकी परीक्षेच्या गुणांवरून कळत नसे. ती हातच्या कामावरून कळे.

नाशिक क्षेत्रीं ह्याच पद्धतीचें आणखी एक उदाहरण आहे. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या कुळांचे लेख पिढ्यान्‌पिढ्या साठलेले आहेत. उपाध्यायाचा मुलगा बापाच्या शेजारीं बसूनच यजमानाचें गांव, आडनांव व घराणें विचारावयास व वहींतील नेमकें पान काढावयास शिकतो. नाशिकच्या तांबटांचा मुलगाहि हातोड्याचा घाव बापाच्या दुकानींच शिके.

परंतु ह्या चित्राची दुसरी बाजू लपवून चालणार नाहीं. दप्तरांत उमेदवारी मिळे ती बहुधा ज्याचा आप्त किंवा आश्रयदाता दप्तरांत असे त्यास. कुणब्याच्या मुलास तेथें वाव जवळ जवळ नव्हता. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांस व मुलींस तर तो मुळींच नव्हता. तांबटाच्या मुलास कारकून व्हावेंसें वाटलें, किंवा कारकुनाच्या मुलास तांबें ठोकावेंसें वाटलें, तर त्यास वाट नव्हती. दिशा मिळे, पण ती निवडतां येत नसे.

इंग्रजी अमलांत ही गोष्ट प्रथम कायद्याच्या कक्षेंत आली. इ. स. १८५० च्या १९ व्या कायद्यानें १० वर्षांवरील व १८ वर्षांखालील मुलास जास्तींत जास्त ७ वर्षेंपर्यंत एखाद्या धंदेवाल्याकडे करारानें बांधून देण्याची सोय झाली. अनाथ व गरीब मुलांनीं धंदा शिकून पोटास लागावें हा हेतु कायद्यांतच सांगितलेला आहे. हेतु चांगला, पण शब्द ‘बांधून देणें’ हा आहे, हें विसरतां कामा नये. करार पालक करी व तो धनी स्वीकारी. मुलाच्या आवडीचा विचार त्यांत गौण होता.

ह्याच काळांत नाशिकनजीक शरणपूर येथें एक विलक्षण प्रयोग झाला. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस ह्यांनीं वसविलेल्या ह्या वस्तींत, अरबी समुद्रांत गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें आणून ठेवीत. त्यांस लिहिणें-वाचणें, सुतारकाम, लोहारकाम इत्यादि शिकवीत. ह्यांपैकीं कांहीं तरुण लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेंतील प्रवासांत सामील झाले. इंग्रजी ग्रंथांत ते ‘नाशिकचीं मुलें’ म्हणून प्रसिद्ध आहेत. जेकब वेनराइट हा त्यांपैकीं एक. इ. स. १८७३ मध्यें लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हां जवळच्या झाडावर मृत्युलेख कोरण्याचें काम त्यानेंच केलें. त्यानें रोजनिशीहि लिहिली. ता. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें झालेल्या दफनविधीस तो हजर होता. पुढें मोंबासाजवळ फ्रिअर टाउन ही वसाहत झाली, तेव्हां नाशिकास शिकलेले अनेक जण तेथें गेले. नाशिकच्या मातींत शिकलेल्या उमेदवारीचें फळ पूर्व आफ्रिकेंत दिसलें, ही गोष्ट मराठी इतिहासलेखनांत अजून पुरेशी आलेली नाहीं. तथापि येथेंहि मुलांची दिशा संस्थेनेंच ठरविली होती.

आतां नाशिक रोडकडे वळूं. आगगाडीचा मार्ग शहरापासून दूर गेला, म्हणून स्टेशनाभोवतीं ही वस्ती वाढली. टपालाचीं तिकिटें तोंपर्यंत लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. तीं हिंदुस्थानांतच छापतां येतील कीं काय ह्याचा तपास करण्याचें काम इ. स. १९२२ मध्यें टांकसाळीचे कर्नल विलिस व छपाई खात्याचे अॅस्कोली ह्यांजकडे आलें. हवा अनुकूल व मुंबई जवळ, म्हणून नाशिक रोडची निवड झाली. इ. स. १९२५ च्या सुमारास छापखाना चालू झाला, व इ. स. १९२८ मध्यें नोटांचा छापखाना निघाला. नव्या दिल्लीच्या उद्घाटनाचीं इ. स. १९३१ चीं चित्रमय तिकिटें येथेंच छापलीं, ता. २१ नोव्हेंबर १९४७ रोजीं निघालेलें, राष्ट्रध्वजाचें चित्र व ‘जय हिंद’ हीं अक्षरें असलेलें साडेतीन आण्यांचें तिकीटहि येथलेंच. तिकीट-संग्राहकांस हें सांगावयास नको.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. तिकिटें व नोटा छापण्याचें काम येथल्या कोणाच्याहि घराण्यांत चालत आलेलें नव्हतें. शाई, ठसा, तावाची मोजणी, भोंकें पाडणें, सर्व नव्यानें शिकावयाचें होतें. अशा छापखान्यांत प्रत्येक तावाचा हिशेब द्यावा लागतो. बिघडलेला तावहि मोजूनच बाजूस काढावा लागतो. नकलेंतील आंकड्यावर नजर ठेवणाऱ्या जुन्या दप्तराचीच ही शिस्त. मात्र येथें वारसा नव्हे, तर शिकण्याची तयारी हें तत्त्वतः भांडवल ठरलें. पुढें इ. स. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानें १८५० चा कायदा रद्द केला, किमान वय १४ ठरविलें, लेखी करार व विद्यावेतन आवश्यक केलें, आणि उमेदवार घेण्याचें बंधन कारखान्यांवर घातलें.

शाळांचा इतिहास ह्याला समांतर चालला. वर्ध्यास इ. स. १९३७ मध्यें नई तालीमचा विचार मांडला गेला. कोठारी आयोगानें (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ सुचविला. इ. स. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांनीं १० दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलावंत ह्यांच्या हाताखालीं शिकावें, व पुढच्या इयत्तांतहि अशी उमेदवारी करण्याची संधि असावी, असें म्हटलें. परंतु कार्यानुभवाचा तास अनेक शाळांतून कागदी फुलें व तोरणें करण्यांत संपला, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. त्याचें कारण आमच्या मतें जुन्या कागदांतच आहे. दप्तरांतील उमेदवारानें केलेली नक्कल खरोखरीच रवाना होत असे. ज्या कामाची कोणास गरज नाहीं, त्यावरून मुलास स्वतःची ओळख होत नाहीं.

सारांश, उमेदवारीपासून दिशा मिळावयास तीन गोष्टी लागतात : काम खरें असावें, चुकीची जबाबदारी अंगावर यावी, आणि हें आपलें क्षेत्र नव्हे असें कळल्यास सन्मानानें परत फिरतां यावें. पहिल्या दोन गोष्टी जुन्या दप्तरांत होत्या, तिसरी नव्हती. आजच्या योजनांत तिसरी आहे, पण पहिल्या दोन वारंवार निसटतात. चार दिवस दुकानांत बसून ‘हें मला जमणार नाहीं’ एवढेंच समजलेला मुलगा रिकाम्या हातानें परतला असें कोणीं समजूं नये.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. सनदा व महजर आपण जपतों. परंतु कित्त्यांचे ताव, गिरवून टाकलेलीं पानें, चुका खोडलेल्या नकला, करारपत्रें, कारखान्यांतील शिकाऊंच्या वह्या व दाखले, हे कागद रद्दींत जातात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानें आपला हात कसा कमावला हें सांगणारे कागद हेच आहेत. नाशिक रोड व परिसरांतील ज्या घरीं असे कागद असतील, त्यांनीं ते जपून ठेवावे व त्यांची यादी करावी. थोरांच्या पत्रांवरून राज्य कसें चाललें हें कळतें; तें चालविणारे हात कसे तयार झाले हें ह्या फाटक्या पानांवरूनच कळेल.