सैनिकांचे मूलभूत हक्क आणि उच्च न्यायालय : देहूरोड-खडकी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
स्वतंत्र भारतात सक्तीची सैन्यभरती झालेली नाही. राज्यघटनेच्या कलम २३(२) नुसार सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादता येते. परंतु सैन्यभरतीसाठी या तरतुदीचा आधार घेतला गेला नाही. तथापि, स्वेच्छेने भरती झालेल्या सैनिकाचेही मूलभूत हक्क कलम ३३ अन्वये संसद मर्यादित करू शकते. पिंपरी-चिंचवडलगतच्या देहूरोड व खडकी परिसरात लष्करी तुकड्या व दारूगोळा कारखाने शेजारी असल्याने या मर्यादेचे स्वरूप स्पष्ट होते.

सैनिक आणि कामगार :
दारूगोळा कारखान्यांतील कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे. एस. एम. जोशी यांनी नेतृत्व केलेल्या अखिल भारतीय संरक्षण कर्मचारी महासंघाचे मुख्यालय खडकी येथेच आहे. २०२१ साली कारखान्यांचे कंपन्यांत रूपांतर होताना संपास मनाई करण्याचा अधिकार देणारा कायदा केंद्राने केला. परंतु संघटनेचा हक्क कायम राहिला. याउलट, सेना अधिनियम १९५० च्या कलम २१ अन्वये सैनिकांच्या संघटनेवर निर्बंध आहेत. ओ. के. ए. नायर खटल्यात (१९७६) सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण आस्थापनांतील स्वयंपाकी, चौकीदार, न्हावी, शिंपी अशा मुलकी कर्मचाऱ्यांनाही कलम ३३ च्या कक्षेत आणले. म्हणजे संघटनेचा हक्क कामाच्या स्वरूपावर नव्हे, तर लष्कराशी असलेल्या संबंधावर ठरला.

न्यायालयाचा मार्ग :
सामूहिक मार्ग बंद असलेल्याला वैयक्तिक दाद हाच आधार उरतो. पृथी पाल सिंग बेदी खटल्यात (१९८२) सर्वोच्च न्यायालयाने लष्करी न्यायालयाच्या निर्णयावर अपिलाची सोय नसल्याबद्दल चिंता व्यक्त केली. २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले. मात्र २०१५ च्या श्रीकांत शर्मा निकालामुळे न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग आक्रसला. सर्वोच्च न्यायालयातील अपील मात्र सर्वसाधारण सार्वजनिक महत्त्वाच्या कायदेविषयक मुद्द्यांपुरते मर्यादित होते. त्यामुळे निवृत्तिवेतनासारख्या वैयक्तिक तक्रारी अडकून पडत. २१ मार्च २०२३ रोजी परषोत्तम दास खटल्यात कलम २२६ चा अधिकार अबाधित असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

निष्कर्ष :
शिस्तीसाठी सैनिकाचा संघटनेचा हक्क मर्यादित करणे घटनासंमत आहे. परंतु ज्याला मोर्चा, संप वा संघटना उपलब्ध नाही, त्याच्यासाठी उच्च न्यायालयाचे दार उघडे असणे ही त्या मर्यादेची आवश्यक भरपाई ठरते. २०२३ च्या निकालाचे महत्त्व यातच आहे.