गिरणीतली मुलगी आकाशात गेली तेव्हा



आमच्या लहानपणी वीरांची यादी ठरलेली होती. शिवाजी महाराज, झाशीची राणी, भगतसिंग. 1961 साली त्यात एक हसरा चेहरा वाढला, युरी गागारिनचा. 12 एप्रिलला त्याने 108 मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून दाखवली, आणि वर्षाअखेरीस तो मुंबईलाही येऊन गेला. सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत पानांची कव्हरं आम्ही वह्यांना घालायचो. त्यातलं गागारिनचं चित्र कोणाच्या वहीला मिळणार यावरून घरात भांडणं व्हायची. अंगणातल्या खेळात मात्र अंतराळवीर व्हायचा तो भाऊच. आम्ही मुली खाली उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या.

16 जून 1963 ला हा खेळ बदलला. 26 वर्षांची व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा वोस्तोक-6 यानातून एकटीच आकाशात गेली. ती कोणी राजकन्या नव्हती. वडील ट्रॅक्टर चालवायचे, ते युद्धात गेले तेव्हा ती लहान होती. आई कापड गिरणीत कामाला. मुलगी आधी टायरच्या कारखान्यात आणि मग गिरणीतच लागली. काम करता करता पत्राने शिकली आणि हौसेने हवाई छत्रीच्या उड्या मारायला शिकली. या उड्यांमुळेच तिची निवड झाली, कारण वोस्तोक यानातून उतरताना शेवटी छत्रीनेच जमिनीवर यावं लागे. मोहीम गुप्त होती. आईला तिने हवाई छत्रीच्या कामाला जाते एवढंच सांगितलं होतं. लेक कुठे आहे हे आईला कळलं ते जाहीर बातमीतूनच.

ती जवळजवळ तीन दिवस वर होती. पृथ्वीभोवती 48 फेऱ्या झाल्या. अमेरिकेच्या मर्क्युरी मोहिमेतल्या सगळ्या अंतराळवीरांचा वेळ एकत्र केला, तरी तिचा वेळ जास्त भरतो. त्याच वर्षी लग्नानंतर लगेच ती भारतातही आली.

पण एक गोष्ट आम्हाला मोठेपणी कळली. तिच्या यानाची दिशा चुकीची लावली गेली होती. तसंच राहिलं असतं, तर उतरायच्या वेळी यान खाली येण्याऐवजी आणखी वर गेलं असतं. चूक तिच्या लक्षात आली, तिने ती कळवली आणि जमिनीवरून दुरुस्ती पाठवली गेली. मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह यांच्या सांगण्यावरून ती याबद्दल कित्येक वर्षं गप्प राहिली. दरम्यान शंका घेतल्या गेल्या त्या मात्र तिच्याच कामावर. चूक दुसऱ्याची आणि बोल बाईला, हे आपल्याला काही नवीन नाही.

तिच्याबरोबर आणखी चार जणींनी तयारी केली होती. त्या चौघींपैकी एकीलाही वर पाठवलं नाही, आणि 1969 मध्ये तो गटच मोडला. अमेरिकेत 13 जणी वैद्यकीय चाचण्यांत उतरल्या होत्या. तिथे अट होती लष्करी जेट विमानांच्या चाचणी वैमानिकाची, आणि त्या कामाचं दार बायकांना बंद! जुलै 1962 मध्ये तिथल्या संसदेच्या समितीपुढे त्यांची बाजू मांडली गेली, पण अट हलली नाही. तेरेश्कोव्हानंतर दुसरी स्त्री, स्वेतलाना साव्हित्स्काया, आकाशात गेली ती 1982 मध्ये. पहिली अमेरिकन स्त्री, सॅली राइड, 1983 मध्ये. मधली 19 वर्षं बायका खालीच होत्या. अंगात बळ नव्हतं म्हणून नव्हे, कोणी पाठवलं नाही म्हणून.

त्या 19 वर्षांत आमच्या शाळा संपल्या, लग्नं झाली, लेकरं झाली. अंतराळात आमच्यापैकी कोणी गेलं नाही. पण 1963 च्या त्या जूननंतर अंगणातल्या खेळात एक नवा नियम आला होता: आज यान कोण चालवणार, यासाठी चिठ्ठ्या टाकायच्या. आणि चिठ्ठ्यांमध्ये आमचीही नावं असायची.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात आज कसल्या चिठ्ठ्या पडतात? त्यात लेकीचं नाव आहे ना, तेवढं एकदा बघा.