जाळरेषा आणि मजुराचा श्वास : सिरोंचाच्या वनांतील गवतकापणीचा एक उपेक्षित पैलू

प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ वसलेल्या सिरोंचाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा सरहद्दीच्या राजकारणावर खिळते. इ. स. १८६० च्या तहाने निजामाने या नद्यांच्या डाव्या तीरावरील मुलूख इंग्रजांच्या स्वाधीन केला, त्यातून अपर गोदावरी जिल्हा निर्माण झाला, आणि सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे बनले. ग्लासफर्ड हा तेथील डेप्युटी कमिशनर होता. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला व सिरोंचा ही चांदा जिल्ह्याची तहसील झाली. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी ती नव्या गडचिरोली जिल्ह्यात गेली. या फेरबदलांची कागदपत्रे विपुल आहेत. परंतु याच मुलखात दरवर्षी हिवाळा सरताना जे एक काम चालत आले, त्याचा विचार इतिहासकारांनी क्वचितच केला. ते काम म्हणजे वनातील जाळरेषांवरचे गवत कापण्याचे.

जाळरेषा ही वनव्यवस्थापनातील एक साधी परंतु खर्चिक कल्पना होय. वनाच्या कडेने आणि मधून ठरावीक रुंदीचे पट्टे आखावयाचे, त्यांवरील गवत व पाचोळा काढून वा जाळून टाकावयाचा, म्हणजे उन्हाळ्यातील वणवा त्या पट्ट्याशी येऊन थांबतो. मध्य प्रांतात तिची पहिली यशस्वी परीक्षा सातपुड्यातील बोरीच्या जंगलात कॅप्टन पिअर्सन याने १८६० नंतरच्या दशकात घेतली. तेथून ही पद्धत प्रांतातील इतर राखीव वनांत पसरली; अहेरी-आलापल्लीच्या बाजूचे सागवान मोलाचे असल्याने तिकडे तिचे महत्त्व विशेष होते. वनखात्याच्या वार्षिक अहवालांत वणव्यापासून राखलेले क्षेत्र, जळालेले क्षेत्र आणि झालेला खर्च यांची कोष्टके नेमाने छापली जात. त्या कोष्टकांचा विषय वन होते. वनात राबणारा माणूस नव्हे. मजूर तेथे येतो तो खर्चाच्या रकान्यात.

वणवा सर्वस्वी रोखणे हितकर की अहितकर, हा वादही त्या काळी गाजला. ब्रह्मदेशातील सागवानाच्या अनुभवावरून स्लेड याने १८९६ मध्ये 'इंडियन फॉरेस्टर' या नियतकालिकात अतिरेकी अग्निसंरक्षणावर टीका केली. वाद झाडांच्या पुनरुत्पत्तीविषयी होता. धुरात आणि धुळीत उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसाविषयी कोणत्याच पक्षाला बोलावेसे वाटले नाही, ही गोष्ट त्या वादाइतकीच बोलकी आहे.

या गवतकापणीत श्वासावाटे नेमके काय आत जाते, हे आधी स्पष्ट करावयास हवे. उभे गवत वाळले की त्याची कुसळे, तुसे आणि बारीक चुरा कापताना उडतो. जमिनीवरील पाचोळा पावसाळ्यात कुजलेला असतो. तो हलविला की बुरशीचे बीजाणू हवेत मिसळतात. शिवाय सिरोंचाचा परिसर गोंडवनकालीन वालुकाश्माचा आहे. जवळच्या कोटा येथील थरांतील जीवाश्मांमुळे तो भूशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून परिचित आहे. वालुकाश्माचा मुख्य घटक गारगोटी, म्हणून तेथील मातीच्या धुळीत सिलिकेचा अंश असणे स्वाभाविक होय. मोठे कण नाकात व घशात अडतात. जे कण मायक्रॉनच्या पाचव्या-सहाव्या आकड्याच्या खाली असतात ते थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. डोळ्यांना दिसणारी धूळ त्रासदायक असते. अधिक घातक धूळ प्रायः दिसत नाही.

धान्य आणि गवत यांच्या धुळीपासून रोग होतो हे ज्ञान नवे नाही. प्लिनीने शेंदरासारखे द्रव्य घोटणारे कारागीर तोंडावर जनावराच्या मूत्राशयाचे सैल आवरण बांधीत असल्याची नोंद केली आहे. स्वीडनच्या ओलाउस माग्नुस याने १५५५ मध्ये असे लिहिले की, मळणीनंतर भुसा वेगळा करताना योग्य वाऱ्याची वेळ साधावी, नाहीतर धूळ मळणी करणाराच्या आतल्या अवयवांना इजा करते. आपल्याकडील शेतकरी खळ्यावर उफणणी करताना वाऱ्याची वाट पाहतो व स्वतः वाऱ्याच्या बाजूला उभा राहतो, त्यामागील शहाणपण हेच. धान्याची चाळण व मोजमाप करणाऱ्यांच्या व्याधींवर इटलीच्या रामात्सिनीने १७०० मध्ये आपल्या प्रसिद्ध ग्रंथात स्वतंत्र प्रकरण लिहिले. 'शेतकऱ्याचे फुप्फुस' म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या विकाराचे वैद्यकीय वर्णन मात्र १९३२ मध्ये कॅम्पबेल याने केले, आणि ओल्या स्थितीत साठवून तापलेल्या गवतातील उष्णताप्रिय सूक्ष्मजीव त्यास कारण होतात हे पेपिस व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखविले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कॅम्पबेलचा रोग हा ओलसर गंजीतील बुरसलेल्या गवताचा रोग आहे. जाळरेषेवरील वाळके, उभे गवत कापणाराला तोच रोग होतो असे म्हणणे धाडसाचे ठरेल. सिरोंचाच्या मजुरापुढील धोका संमिश्र आहे : खनिज धूळ, वनस्पतीचा चुरा, कुजक्या पाचोळ्याचे बीजाणू आणि कापणीनंतरच्या जाळपोळीचा धूर. असा संमिश्र धोका वैद्यकाच्या एकाही नामांकित रोगात नीट बसत नाही, आणि ज्याला नाव नाही त्याची नोंद कोणी करीत नाही.

कायद्यानेही हेच केले. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १४ व्या कलमात धूळ व धूर यांपासून कामगाराचे रक्षण करण्याची तरतूद झाली, पण वनातील पट्टा हा कारखाना नव्हे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सेंद्रिय धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसविकारांचा पुढे समावेश झाला खरा. परंतु ज्या भागात तो झाला, त्यातील रोगांसाठी सरकारने ठरविलेला सलग नोकरीचा काळ पुरा व्हावा लागे. जाळरेषेचे काम हंगामी. त्याच मजुराचे पुढचे महिने मोहफुले, मग तेंदूपाने, मग शेती, असे निरनिराळ्या ठिकाणी जातात. मालक बदलतो, धूळ बदलत नाही. याउलट १९२७ च्या वन कायद्याच्या ७९ व्या कलमाने वनात हक्क असणाऱ्यांवर वणवा विझविण्यास साहाय्य करण्याचे बंधन घातले. कर्तव्य निश्चित झाले. संरक्षण अनिश्चित राहिले. मळणीयंत्रात हात गमावण्याचे प्रकार वाढल्यावर १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. तुटलेला हात दिसतो. दमलेला श्वास वयाच्या खाती घातला जातो.

श्वास सांभाळण्याचे उपाय मजुराने स्वतःच शोधले. पुरुष नाकातोंडावर फडके गुंडाळतात, स्त्रिया पदर दातांत धरतात. पहाटेच्या दवात गवत कापले तर धूळ बसलेली राहते. पण जाळण्यासाठी ते कोरडे हवे, म्हणून ऊन चढल्यावरचे काम टळत नाही. सुती फडके कुसळे व जाड धूळ अडविते. सूक्ष्म कणांना त्याचा अडथळा फारसा होत नाही. त्यासाठी गाळणपटाचा मुखवटा लागतो, आणि भारतीय मानक संस्थेने अशा मुखवट्यांसाठी ९४७३ क्रमांकाचे मानक ठरविलेले आहे. तो चेहऱ्याला घट्ट बसला नाही तर कडेने आत येणारी हवा गाळली जात नाही. दाढी असेल तर तो बसत नाही, आणि चैत्रातल्या उन्हात तो तासन्‌तास घालणे फार कठीण.

यंत्रांमुळे हा प्रश्न अलीकडे नव्याने उभा राहिला आहे. गवत कापण्याचे पहिले फिरते यंत्र इंग्लंडमध्ये बडिंग याने १८३० मध्ये पेटंट केले ते श्रीमंतांच्या हिरवळींसाठी. जाळरेषांवर आता पेट्रोलवर चालणारे ब्रश कटर आणि पाचोळा उडविणारे ब्लोअर आले आहेत. विळ्याने कापणारा मजूर कमरेत वाकत असे, पण त्याच्या हातून माती फारशी उडत नसे. ब्लोअरचे कामच पाचोळा उडविण्याचे; त्याबरोबर वर्षभर बसलेली माती आणि बुरशी उठते, आणि इंजिनाचा धूर चालकाच्या पाठीवरच असतो. कंबर वाचली, फुप्फुसावरचा भार वाढला. यंत्र चालविणारा निदान वाऱ्याकडे पाठ करून उभा राहू शकतो. त्याच्या मागून दाताळे घेऊन चालणाऱ्या माणसाला ती निवड नसते. मुखवटे वाटावयाचे झाले तर प्रथम त्याच्यासाठी वाटावे लागतील, आणि तो हजेरीपटावर बहुधा सर्वांत कमी दिवस असतो.