गरिबी मोजायची पट्टी कुणाच्या हातात?

आजचा भाग ब्रिटनचा आहे आणि बराचसा आकड्यांचा आहे. पण घाबरू नका, गोष्ट एका चॉकलेटवाल्यापासून सुरू होते.

साल 1899, शहर यॉर्क. सीबोम राउंट्री हा तिथल्या चॉकलेट कारखानदाराचा मुलगा. आपल्या गावात गरीब नेमके किती, हे त्याला मोजायचं होतं. घरोघरी फिरून 11,560 कुटुंबांची माहिती गोळा झाली. मग त्याने हिशेब मांडला: नवरा-बायको आणि तीन मुलं यांना नुसतं धडधाकट राहायला आठवड्याला किती लागतात? उत्तर आलं 21 शिलिंग 8 पेन्स. यात वर्तमानपत्र नाही, बापाला तंबाखू नाही, पोरांना गोळ्या-बाहुल्या नाहीत. एवढी कडक पट्टी लावूनही शहरातले जवळपास 10 टक्के लोक त्याखाली निघाले. (आपल्या पुण्यात दांडेकर आणि रथ यांनी 1971 मध्ये दिवसाला 2,250 कॅलरी धरून दारिद्र्यरेषा मांडली, तीही साधारण याच वाटेवरची.)

राउंट्रीने अजून एक दाखवलं. मजुराच्या आयुष्यात गरिबी येते-जाते, आणि तिचा पहिला फेरा बालपणातच येतो. साधं कारण आहे. खाणारी तोंडं वाढतात, पगार तेवढाच राहतो.

पुढे पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने म्हटलं की पोट भरणं पुरेसं नाही. आजूबाजूचे जसे जगतात, त्या जगण्यातून पैशाअभावी बाहेर फेकलं जाणं म्हणजेही गरिबी. यातूनच पुढे सापेक्ष रेषा रुळली. समजा, देशातली सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभी केली, माणसं किती हे लक्षात घेऊन. बरोबर मधल्या घराचं उत्पन्न घ्या. त्याच्या 60 टक्क्यांहून कमी असलेल्या घरातली मुलं गरीब.

मार्च 1999 मध्ये टोनी ब्लेअर यांनी जाहीर केलं: 20 वर्षांत बालदारिद्र्य संपवू. तेव्हा 34 लाख मुलं या रेषेखाली होती. 2010-11 पर्यंत ती निम्मी, म्हणजे 17 लाख करायची होती. झाली 23 लाख. सहा लाखांनी हुकलं, तरी उतार खराच होता.

पण शेवटच्या वर्षात एक गडबड झाली. मंदीनंतर मधल्या घराचं उत्पन्नच 3 टक्क्यांनी घसरलं, त्याबरोबर रेषाही खाली आली आणि एका वर्षात 3 लाख मुलं कागदावर ‘गरीब’ राहिली नाहीत. मंत्री इयन डंकन स्मिथ यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. नोव्हेंबर 2012 मध्ये सरकारने नव्या मोजमापाचा प्रस्ताव आणला: पालकांची बेकारी, कर्ज, शिक्षण, कुटुंबाचं स्थैर्य वगैरे.

त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. पण त्यावरचा उपाय 2010 च्या बालदारिद्र्य कायद्यातच होता! तिथे एक नाही, चार पट्ट्या होत्या. सापेक्ष रेषा, देशाचं उत्पन्न घसरलं म्हणून खाली न येणारी स्थिर रेषा, वर्षानुवर्षं गरिबीत राहणाऱ्या मुलांचा वेगळा आकडा, आणि वंचितपणा. ही चौथी मला सगळ्यात आवडते, कारण तिथे थेट विचारतात: मुलाला शाळेच्या सहलीला पाठवता येतं का? वाढदिवस करता येतो का? मित्राला चहा-खाऊला घरी बोलावता येतं का? उत्तर पालक देतात, ही उणीव आहेच. पण घरात आलेला पैसा पोरापर्यंत पोचतो का, याचा थोडा तरी अंदाज येतो. एक अलार्म खोटा वाजला म्हणून सगळी सिस्टीम उपटायची नसते, बाकीचे तीन काय सांगतात ते बघायचं असतं.

2016 मध्ये मात्र ही चारही उद्दिष्टं कायद्यातून काढली. जागी दोन निकष आले: किती मुलं बेकार घरांत राहतात, आणि 16 व्या वर्षी शाळेत ती कशी ठरतात. यातला एक गरिबीच्या कारणांपैकी आहे, दुसरा तिचा परिणाम. खुद्द गरिबी, म्हणजे पैसा नसणं, यादीतून गायब. हाउस ऑफ लॉर्ड्स अडून बसलं, म्हणून उत्पन्नाचे आकडे दरवर्षी छापायची सक्ती तरी राहिली.

आता गंमत बघा. त्याच 2016 च्या कायद्यात आणखी एक तरतूद होती. 6 एप्रिल 2017 पासून जन्मलेल्या तिसऱ्या आणि त्यापुढच्या मुलासाठी गरीब कुटुंबांना मिळणारी मदत बंद करण्यात आली. आई-बाप दोघं नोकरीत असले तर पहिल्या निकषात हे मूल दिसणारच नाही. दुसऱ्यात दिसेल, पण ते 16 वर्षांचं झाल्यावर. म्हणजे 2033 मध्ये.

लॉर्ड्समुळे वाचलेले आकडे मात्र आजही निघतात. 2023-24 मध्ये 45 लाख मुलं रेषेखाली होती, म्हणजे 31 टक्के. (हा आकडा घराचा खर्च वजा करून काढलेला आहे, आधीच्या 34 लाखांशी थेट तुलना करू नका.) त्यातली दहापैकी सात मुलं अशा घरांतली आहेत, जिथे कुणी ना कुणी रोज कामावर जातं.