शेतावर ‘वाइन आणि जेवण’ कार्यक्रम ठेवायचाय? परवाना, मेन्यू आणि हिशोब, वाचा सविस्तर

दिंडोरी : द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की मुंबई-पुण्याच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर दिसायला लागतात. वाइनरी बघायची, बागेत फोटो काढायचे आणि संध्याकाळी परत. पाव्हणे आपल्या बांधावरून जातात, पण पैसा काही गावात थांबत नाही. म्हणून शेतावर तीन-चार खोल्या बांधलेले शेतकरी आता विचारतात, ‘आपल्याकडं वाइन आणि गावरान जेवण असा कार्यक्रम ठेवता येईल का?’

ठेवता येतो. पण सुरुवातीलाच एक सांगतो. यात आपल्याला पैसा वाइनवर नाही, तो जेवणावर आणि मुक्कामावर मिळतो. वाइन हा परवान्याचा विषय आहे. जेवण आपलं आहे. हे उलटं धरलं की अडचण होते.

हे आपल्याकडं आलं कसं?

राज्य सरकारनं 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं आणि नाशिक जिल्ह्यात वाइनरी वाढल्या. सुला वाइनरी त्याच्या थोडी आधी गंगापूर धरणाच्या बाजूला सुरू झाली होती. तिथं लोक चाखायला, जेवायला आणि मुक्कामाला येऊ लागले. पुढं इगतपुरी, दिंडोरीकडंही वाइनरी झाल्या. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

पण 2008-09 ची मंदी आपण विसरलेलो नाही. तेव्हा वाइनरींकडून माल उचलला जाईना आणि कित्येकांनी वाइनच्या द्राक्षाच्या बागा तोडल्या. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं आणि जाड सालीचं. ते बाजारात खायला कोण घेणार? एकाच खरेदीदारावर अवलंबून राहिल्याचा तो फटका होता. पाहुणचाराचा जोडधंदा करायचा तो याचसाठी, की बागेच्या भावाशिवाय घरात दुसरा पैसा यावा.

आधी कायदा समजून घ्या

महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि वाइनही त्यात येते. परवाना नसताना वाइन विकणं किंवा आपल्या जागेत लोकांना पिण्यासाठी बसवणं हा गुन्हा ठरतो. ‘पैसे जेवणाचे घेतले, वाइन फुकट दिली’ ही पळवाट समजू नका.

शेतकऱ्यासाठी दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सोपा. दुपारी पाव्हण्यांना परवाना असलेल्या वाइनरीत न्यायचं. चाखणं तिथंच होतं, पैसेही ते तिथंच देतात. संध्याकाळी आपल्या शेतावर जेवण आणि मुक्काम. आपल्या जागेत बाटली उघडत नाही. नवीन माणसानं पहिली दोन वर्षं हेच करावं, असं माझं मत आहे.

दुसरा मार्ग म्हणजे राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून कार्यक्रमापुरता एक दिवसाचा परवाना काढायचा. अर्ज ऑनलाइन होतो, पण आधी तालुक्याच्या निरीक्षकांना भेटून जागा, पाव्हण्यांची संख्या आणि शुल्क विचारून घ्या. वाइन परवानाधारकाकडूनच घ्यायची आणि बिल जपून ठेवायचं.

बाकी कागद असे : 2020 च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडं केंद्राची नोंदणी, जेवणासाठी अन्न सुरक्षेची नोंदणी आणि मुक्कामी पाव्हण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती. एकवीस वर्षांच्या आतल्या कुणालाही वाइन द्यायची नाही. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि मतदानाच्या आधीचे दिवस कोरडे असतात. जिल्हाधिकारी आणखीही दिवस जाहीर करतात, म्हणून तारीख ठरवतानाच विचारा. व्हॉट्सॲपवर बोलावणं पाठवाल तर ते जेवणाचं आणि शेताचं पाठवा. दारूच्या जाहिरातीला बंदी आहे.

चव कशी जुळवायची?

यात फार मोठं शास्त्र नाही. आपण पिठल्यासोबत कांदा आणि पुरणपोळीवर तूप घेतो, तसंच हे. चार गोष्टी लक्षात ठेवा.

1. आंबट वाइन तळलेल्या आणि तेलकट पदार्थांवर चालते. भजीवर लिंबू पिळतो तसं. सोव्हिन्यॉ ब्लां ही पांढरी वाइन आंबटसर, हिरव्या वासाची असते. कोथिंबीर वडी आणि अळूवडीसोबत ती जमते.

2. तिखट आणि तुरट यांचं जमत नाही. लाल वाइनला कच्च्या जांभळासारखा किंवा जास्त उकळलेल्या चहासारखा तुरटपणा असतो. तिखट खाऊन ती घेतली की तोंड जास्तच पोळतं. झणझणीत मिसळ आणि लाल वाइन एकत्र देऊ नका. तिखटाला थोडी गोडसर, थंड शेनिन ब्लां बरी पडते.

3. मांस, लोणी, चीज यांनी तुरटपणा मऊ होतो. शिराझ ही लाल वाइन काळ्या मसाल्याच्या मटणासोबत शोभते, पण मसाला भाजलेला आणि मिरची कमी हवी.

4. गोड पदार्थासोबत वाइन त्याच्यापेक्षा गोड हवी. नाहीतर पुरणपोळीपुढं ती नुसती आंबट लागते.

माझा अनुभव सांगतो. पहिल्या कार्यक्रमाला परवाना काढला, सगळं रीतसर केलं, पण मटण घरच्यासारखंच केलं, डोळ्यातून पाणी काढणारं. मार्चचा महिना होता आणि लाल वाइन खोलीतच ठेवलेली, कोमट झालेली. पाव्हण्यांनी अर्धे पेले तसेच ठेवले आणि सगळे ताक मागत बसले. पुढच्या वेळी मिरची निम्मी केली, ठेचा वेगळ्या वाटीत ठेवला आणि बाटल्या फ्रीजमधून काढल्या. भाकरी तिसऱ्यांदा मागितली गेली तेव्हा घरच्यांच्या जिवात जीव आला.

चार वाढप्यांचा मेन्यू

– सुरुवातीला फसफसणारी वाइन. सोबत भाजलेले शेंगदाणे आणि कोथिंबीर वडी. हिवाळ्यात हुरडा असेल तर उत्तमच.
– मग पांढरी. सोबत थालीपीठ-लोणी किंवा वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी.
– नंतर लाल. सोबत कमी तिखट मटण. शाकाहारींसाठी मसाल्याचं भरलं वांगं.
– शेवटी गोड वाइन आणि लहान पुरणपोळी.

न पिणाऱ्यांसाठी द्राक्षाचा ताजा रस, कोकम सरबत आणि मठ्ठा ठेवा. त्यांना कोपऱ्यात बसवू नका. कोकमचं आंबट वडीसोबत तितकंच छान लागतं.

थंड किती, ओतायची किती?

फसफसणारी 6 ते 8 अंश, पांढरी 8 ते 12 आणि लाल 16 ते 18 अंश सेल्सिअसला द्यायची. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यायची असं सांगतात, ती थंड देशातली खोली. आपल्याकडं मार्च-एप्रिलमध्ये तीसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी लागते.

चाखायला माणशी 50 मिली पुरे. 750 मिलीच्या बाटलीत 15 जणांचं होतं. म्हणजे 12 पाव्हण्यांना प्रत्येक प्रकाराची एकच बाटली लागते. प्रत्येक ताटासोबत पाण्याचा तांब्या हवाच.

हिशोब मांडून बघा

समजा 12 पाव्हणे आहेत आणि जेवण-मुक्कामाचे माणशी 2,000 घेतले, तर 24,000 झाले. किराणा, भाजी, मटण माणशी 450 धरलं तर 5,400. चौघींची मजुरी 500 प्रमाणे 2,000. चादरी, धुलाई, वीज, गॅस 2,600. खर्च 10,000, हाती 14,000. परवाना आणि वाइनचा खर्च वेगळा धरायचा. आकडे उदाहरणाचे आहेत, आपापल्या भावानं मांडा. पण त्या चौघींत घरच्या दोघी धरलेल्या आहेत हे बघा. आपल्याकडं घरच्या बाईची मजुरी कुणी हिशोबात धरत नाही आणि मग ‘धंदा परवडतो’ म्हणतो.

गाव, घर आणि रस्ता

गावात आडवी बाटली झाली असेल, तर बाटली उघडण्याचा विषयच काढू नका, पहिल्या मार्गानं चला. नसेल झाली तरी आधी सरपंच, महिला बचत गट आणि शेजारचे शेतकरी यांना सांगून टाका. घरात माळकरी मंडळी असतील तर त्यांना विचारल्याशिवाय काही करू नका. स्पीकर लावायचा नाही. औषध फवारलेल्या प्लॉटमध्ये पाव्हण्यांना नेऊन घड तोंडात टाकू द्यायचे नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्यायलेल्या माणसाच्या हातात गाडीची चावी नको. पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत तुरुंगवास आहे. आपल्या रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या विनादिव्याच्या चालतात, ते वेगळंच. म्हणून कार्यक्रम मुक्कामी पाव्हण्यांसाठीच ठेवा. कुणाला परत जायचंच असेल तर ड्रायव्हर आधी ठरवा.

तारीख कोणती धरावी?

वाइनच्या द्राक्षाची काढणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. बाग भरलेली, हवा बरी आणि पाव्हण्यांना घड तोडायला मिळतात. एप्रिलची खरड छाटणी झाली की बागेत बघायला काही उरत नाही, आणि ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत आपल्यालाच वेळ नसतो. पहिला कार्यक्रम करायचाच असेल तर फेब्रुवारीतला शनिवार धरा, बारा जणांवर जाऊ नका, आणि आठ दिवस आधी तोच स्वयंपाक घरच्यांना खाऊ घालून बघा.